कागदाचा मानपान

वर्तमानपत्र वाचून झाल्यावर त्याची पहिल्यासारखी घडी घालून दाखवणारा माणूस माझ्या पाहण्यात नाही. तसा दावा करणारे पुष्कळ आहेत. निवृत्त हेडमास्तर, बँकेतले जुने कॅशियर, धुतलेल्या हातरुमालालाही इस्त्री करणारे लोक. त्यांनी घातलेली घडी वरून बरी दिसते. हातात घेतली की कळतं, पान पाच पान नऊच्या पोटातून डोकावतंय, पुरवणी उलटी बसली आहे आणि मधला कागद फुगून बसलाय. सकाळी दारात पडलेला सडपातळ पेपर संध्याकाळपर्यंत दुप्पट जाड होतो. बातम्या तेवढ्याच असतात, आत हवा वाढलेली असते.

याचं कारण आपला वेंधळेपणा, असं मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आता वाटत नाही. मूळ घडी बोटांनी घातलेलीच नसते. ती घालणाऱ्याला बोटं नाहीत, टेबल नाही आणि थांबायला वेळही नाही.

माझा एक भाचा सुरतेतल्या एका छापखान्यात रात्रपाळीला मशीनवर असतो. खानदेशातून आलेली आमची पोरं सुरतेत बहुतेक मागावर, डाईंगमध्ये, नाहीतर साडीच्या बाजारात लागतात. हा कागदाच्या नादी लागला. एका रात्री मी इच्छापोरहून, म्हणजे सुरतेच्या कडेला मी राहतो तिथून, मुद्दाम त्याच्याकडे गेलो. दारातच त्याने स्वागताचं भाषण केलं, ‘‘मामा, उपरणं गळ्यातून काढा आणि कशालाही हात लावू नका.’’ मग यंत्र सुरू झालं आणि पुढचं सगळं संभाषण खुणांनी झालं.

खाली कागदाची रिळं उभी. सत्तर सेंटिमीटर रुंदीचं, साडेतीनशे किलोचं एक रीळ घ्या. वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण ४५ ग्रॅम भरतो. त्या हिशेबाने रिळात ११ किलोमीटर कागद निघतो. इच्छापोरहून अंथरायला घेतला तर शहरातलं अडाजण सहज गाठेल. मधल्या आकाराचं साधं यंत्र तासाला ३५,००० प्रती काढतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा. कागद सेकंदाला पाच मीटरहून जास्त वेगाने पळत असतो आणि पळता पळताच छापला जातो, दुमडला जातो, कापला जातो, पुन्हा दुमडला जातो. कुठेही ‘जरा थांब रे बाबा’ नाही.

भाच्याने मला मग एका कोपऱ्यात नेऊन त्यातलं मर्म सांगितलं. कागदाला ढकलता येत नाही. ढकलला की त्याला वळी पडते, वळीची गाठ होते आणि गाठीशी तो फाटतो. जोरात ओढला तरी फाटतोच. म्हणून पुढचा प्रत्येक रूळ मागच्यापेक्षा अगदी किंचित, शंभरात एखाद्या भागाहूनही कमी फरकाने, जास्त वेगाने फिरवतात. एवढ्यावर कागद ताठ राहतो.

मला आमच्या खानदेशातले जावई आठवले. धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला आलेल्या जावयाला मागून ढकलून पाटावर बसवता येत नाही, आणि हात धरून ओढलं तर तो रुसतो. कोणीतरी पुढे अदबीने चालत राहायचं, त्याच्याहून अर्धं पाऊल पुढे. तो मागून येतो आणि आपण आपल्याच मर्जीने चाललो आहोत असं त्याला वाटत राहतं. छापखान्यातली निम्मी यंत्रसामग्री याच कामावर नेमलेली आहे. एक रूळ तर नुसता रुसवा ओळखायला ठेवलाय. तो एका जागी घट्ट बसवलेला नसतो, कागदाच्या ताणावर तरंगत असतो. कागद सैल पडला की तो सरकतो आणि मागे रिळाचा ब्रेक आवळला जातो. ताण वाढला की ब्रेक सुटतो. इतकं करूनही कागद रुसायचा तेव्हा रुसतोच. पावसाळ्यात जास्त. कागद हवेतली ओल पितो, कडा लाटांसारख्या होतात आणि मध्यरात्री दीडला, मुंबईची शेवटची बातमी चढवून यंत्र नुकतं वेगात आलेलं असताना, पेपर तुटतो. मग चार माणसं यंत्राच्या पोटात शिरून चिंध्या काढतात आणि एकमेकांच्या वडिलांची चौकशी करतात.

दुसरी अडचण शाईची. वर्तमानपत्राची शाई भट्टीत वाळवत नाहीत. ती कागदात मुरते, आणि मुरायला वेळ घेते. सकाळी आपली बोटं काळी होतात ती म्हणूनच. म्हणजे हा पाहुणा ओल्या अंगाने पळत असतो. त्याला वळवायचं, पण अंगाला हात लावायचा नाही. यावर काढलेली युक्ती पाहून मी तिथेच उभा राहिलो. कागदाची दिशा बदलायची असेल तिथे तिरकी, ४५ अंशांत बसवलेली पोकळ दांडी असते. तिला बारीक भोकं असतात आणि त्यातून हवा फुंकली जाते. कागद दांडीवरून वळतो, पण तिला टेकत नाही, हवेच्या पातळ गादीवरून सरकत जातो. जिथे टेकवणं भागच असतं तिथे लहान चाकं समासावरून धावतात, जिथे काही छापलेलंच नाही अशा पट्ट्यातून. बातमीला स्पर्श नाही. सोवळं म्हणावं तर हे.

आता घडी. वर एक रूळ आणि त्याच्याखाली टोक खाली करून उभा केलेला त्रिकोणी पत्रा. त्याला फॉर्मर म्हणतात. सोळा पानांचा पेपर असेल तर चार कागद एकमेकांवर येऊन या त्रिकोणाच्या माथ्यावर उतरतात. मधला भाग पत्र्यावरून सरळ घसरतो, दोन्ही बाजू उतरत्या कडांवरून आत वळायला लागतात आणि त्रिकोणाच्या नाकाशी येईपर्यंत उजवी डावीला भेटलेली असते. उभी घडी पडली. कुणी पाडली? कुणीच नाही. पत्रा जागचा हलला नाही. कागदाला जाण्यासाठी दुसरा रस्ताच ठेवलेला नव्हता, इतकंच. नाकाखाली दोन रूळ ती घडी दाबून पक्की करतात.

आडवी घडी मात्र अशी साळसूद नाही. खाली एका दंडगोलाच्या पृष्ठावर टाचण्या असतात. त्या कागदाच्या कडेत घुसून त्याला धरतात, दातेरी सुरी तो पानाच्या उंचीवर कापते. मग एक पातळ पातं कागदाच्या बरोबर मध्यावर टोचा मारतं आणि समोरच्या दंडगोलाच्या जबड्यात तो मध्य कोंबतं. जबडा मिटतो, आडवी घडी होते, जबडा उघडतो, तोवर पुढची प्रत आलेली असते. नंतर पात्यांचा एक पंखा एकेक प्रत झेलून पट्ट्यावर मासळीच्या खवल्यांसारखी रचतो, आणि मोजणाऱ्याच्या सोयीसाठी ठरावीक प्रतींनंतर एखादी प्रत रांगेतून थोडी तिरकी काढून दिली जाते.

हे खोटं वाटत असेल तर उद्याचा पेपर उघडून उजेडाला धरा. वरची आणि खालची कड करवतीसारखी दातेरी दिसेल, बाजूच्या कडा गुळगुळीत. एका दातेरी कडेच्या जवळ ओळीने बारीक भोकं सापडतील. ती वाळवीची नव्हेत. टाचण्यांनी रात्री धरून ठेवल्याच्या त्या खुणा. इतकी वर्षं पेपर वाचणारे आपण, अग्रलेखातले काने-मात्रे शोधतो आणि ही भोकं कधी पाहिलेली नसतात.

सगळे कागद एकाच ठिकाणी कापले जायचे तर प्रत्येकाचा वेग आणि अंतर मिलिमीटरने जुळावं लागतं. ते चुकलं की सुरी मथळ्यावरून जाते. भाच्याने मला असा वाया गेलेला एक कागद दाखवला. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर अंगुळभर जागा मोकळी होती, ती गेली होती आणि अक्षरं वाचली होती. मराठी पेपरवर ही पाळी आली तर शिरोरेषा उडेल आणि मथळा थेट गुजरातीत छापल्यासारखा दिसेल. सुरतेतल्या मराठी शाळांचं पुढे काय होणार याची चर्चा ऐकताना हे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येतं, पण ते असो.

घडीमुळे आणखी एक मजेदार शेजार जमतो. कागदावर पानं ओळीने छापत नाहीत. सोळा पानी पेपरात पान १ च्या शेजारी पान १६ असतं, २ च्या शेजारी १५, ३ च्या शेजारी १४. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी एकूण पानांपेक्षा एकने जास्त. सतरा आली नाही तर पान पुरवणीतलं समजावं. त्यामुळे पहिल्या पानावरचे मुख्यमंत्री आणि शेवटच्या पानावरचे फलंदाज एकाच कागदावर मांडीला मांडी लावून छापले जातात. राशिभविष्याच्या शेजारी कोणतं पान येतं ते ज्याने त्याने आपल्या पेपरात पाहावं. माझ्या पेपरात निधनवार्ता येतात.

आणि आडवी घडी तर संपादकाच्याही वर बसलेली आहे. पेपरच्या ठेल्यावर गठ्ठा मांडला की दिसतो तो फक्त वरचा अर्धा भाग. म्हणून मोठी बातमी घडीच्या वर, मोठा फोटो घडीच्या वर. पुढाऱ्याचा चेहरा घडीवर येऊ नये म्हणून पान लावणारे किती जपतात! जबड्यात मध्य कोंबताना साहेबांच्या नाकावर सुरकुती पडली तर दुसऱ्या दिवशी फोन येतो. हल्ली हा प्रश्न बिल्डरांनी सोडवला आहे. पहिलं पान पूर्ण त्यांचंच असतं, घडीच्या वर स्विमिंग पूल आणि घडीच्या खाली फोन नंबर. वर अर्ध्या रुंदीची एक झालर असते, जी पेपर हातात धरताच निसटून चहात पडते. तेवढी एक पट्टी वेगळी आणून बरोबर जागेवर बसवायला यंत्राला किती कसरत करावी लागते हे आता मला ठाऊक आहे. तरी ती चहातून काढताना माझ्या तोंडून कौतुकाचे शब्द येत नाहीत.

ही सगळी करामत सुचायला माणसाला बराच वेळ लागला. सुरतेने छपाईची हौस मात्र फार लवकर केली. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या सोसलेल्या याच सुरतेतल्या भीमजी पारेख या दलालाने ब्राह्मणांच्या जुन्या पोथ्या छापायच्या म्हणून ईस्ट इंडिया कंपनीकडून छापखाना मागवला. कंपनीने १६७४ मध्ये हेन्री हिल्स नावाचा मुद्रक मुंबईला धाडलाही. त्याला छापता येत होतं, देशी अक्षरांचे खिळे पाडता येत नव्हते. बेत तिथेच फसला. पोथीला घडी नसते, हे एक बरं झालं.

पुढे अमेरिकेत रिचर्ड हो यांचं गोल फिरणारं मुद्रणयंत्र १८४७ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका दैनिकात लागलं, पण त्याला सुटे कागद हाताने भरवावे लागत. सलग रिळावर दोन्ही बाजूंनी छापणाऱ्या यंत्राचं पेटंट विल्यम बुलक यांनी १८६३ मध्ये घेतलं. त्याच १८६३ साली सुरतेत ‘गुजरातमित्र’ निघालं, आणि ते अजून निघतं. बुलक यांच्या नशिबी इतकं आयुष्य नव्हतं. १८६७ मध्ये स्वतःच्याच यंत्राचा पट्टा पायाने चाकावर बसवताना त्यांचा पाय चिरडला, तो सडला आणि कापताना ते गेले. भाचा दारात हात लावू नका म्हणाला तो उगाच नव्हे. यंत्राच्या वेगाने घडी घालणारा गोल फिरता फोल्डर आला तो हो यांच्याच कारखान्यातल्या स्टीफन टकर यांच्या डोक्यातून, १८७५ च्या सुमाराला. त्याच्या आधी घडी पुष्कळ ठिकाणी माणसंच घालत. आपल्याकडे तालुक्याच्या गावातली साप्ताहिकं त्यानंतरही शंभर वर्षं हातानेच घडी घालत राहिली. संपादक, संपादकांची पत्नी, दोन मुलं आणि उधारीवर जाहिरात दिलेला किराणा दुकानदार, असे सगळे मिळून लाकडी पट्टीने कागद दाबत बसायचे. मुलांच्या शाळेला त्या दिवशी सुट्टी. लेखनस्वातंत्र्याचा पुष्कळ भार त्या पोरांच्या मनगटांनी वाहिलेला आहे.

महाराष्ट्राने या यंत्राच्या घडीत आपला हात नंतर घातला, पण चांगला घातला. १९७२ मध्ये सुरू झालेल्या मनुग्राफ कंपनीची वर्तमानपत्र छापणारी यंत्रं कोल्हापूरजवळ शिरोलीला बनू लागली. ऊस, तालीम आणि तेलइंजिनं यांच्या गावात फोल्डरचे जबडे घासले जाऊ लागले. देशातल्या कितीतरी भाषांच्या पेपरांची घडी कोल्हापुरी आहे. २००६ मध्ये या कंपनीने अमेरिकेतली एक मुद्रणयंत्रांची कंपनीच विकत घेतली. ती होती पेनसिल्व्हेनियातली, ज्या राज्यात हो यांचं यंत्र पहिल्यांदा फिरलं आणि बुलक आपल्या यंत्रापायी गेले. कोल्हापूरकरांना हा योगायोग सांगितला तर ते मिशीतल्या मिशीत हसतील आणि ‘मग काय तर’ म्हणतील.

कागदाच्या बाबतीतही आमची तापी मागे नाही. तिच्याच खोऱ्यात वर बऱ्हाणपूरच्या बाजूला नेपानगर आहे. देशातला वर्तमानपत्री कागदाचा पहिला कारखाना तो, नेहरूंनी १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण केलेला. सातपुड्यातल्या सालई आणि बांबूपासून तिथे कागद होत असे. त्या कागदावर छापलेली बातमी दुसऱ्या दिवशी पिवळी पडायची, पण खानदेशात बातमीचा उपयोग दुसऱ्याच दिवशी सुरू होतो. इच्छापोरला माझ्यापर्यंत मराठी पेपर पोचतो तो बहुधा असाच, भुसावळकडून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीतून, शेवेभोवती किंवा केळ्याच्या वेफर्सभोवती गुंडाळलेला. एरंडोलच्या पाणीटंचाईची बातमी मी तेलाच्या डागातून वाचतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये बजावलंय की खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधू नका, शाई पोटात जाते. प्राधिकरणाचं खरं आहे. पण आमच्या बहिणीला हे सांगितलं तेव्हा तिने विचारलं, ‘‘मग तू वाचशील काय?’’

सकाळचा गुजराती पेपर मात्र रीतसर येतो. म्हणजे पोरगा मोटारसायकलवर बसल्या बसल्या त्याची सुरळी करतो, रबर लावतो आणि दुसऱ्या मजल्यावर भिरकावतो. हवेच्या गाद्यांवरून, समासाच्या चाकांवरून, अंगाला हात न लावता इथवर आणलेल्या पाहुण्याचा हा शेवटचा पाहुणचार. परवा तो नेम चुकून शेजारच्या गॅलरीत पडला. शेजारी हिऱ्याचे दलाल. इच्छापोरच्या हिरे-दागिन्यांच्या वसाहतीत त्यांची ये-जा असते. पेपर परत द्यायला ते स्वतः आले आणि मी चहा टाकला.

या माणसाचं पोट घडीवर चालतं. हिरे मखमलीच्या डबीत असतात हा सिनेमातला समज. बाजारातला माल फिरतो कागदाच्या पुडीत, इकडे तिला पडीकुं म्हणतात. बाहेर जाडसर पांढरा कागद, आत पातळ निळसर अस्तर, ठरलेल्या क्रमाने पाडलेल्या घड्या आणि वरच्या पट्टीवर लिहिलेलं वजन. गोंद नाही, टाचणी नाही. दाणा बारीक असो की टपोरा, उलटी केली तरी पुडीतून काही सांडत नाही. त्यांची बोटं ही घडी न बघता घालतात, बोलता बोलता, बहुतेक वेळा भावावर वाद घालता घालता.

मी म्हटलं, ‘‘भाई, या पेपरची घडी घालून दाखवा. जशी आली तशी.’’

त्यांनी पेपर उलटापालटा करून पाहिला आणि हे आपल्याला न शोभणारं किरकोळ काम आहे असा चेहरा केला. ‘‘भाऊ, एकच पान द्या. अर्ध्यावर अर्धं करत आठ घड्या घालून देतो. लावा शरत.’’

मी पुरवणीतलं दुहेरी पान दिलं. पहिल्या चार घड्या त्यांनी एका हाताने घातल्या. पाचवीला दुसरा हात आला. सहावीला कप बाजूला सरकवला. सातवीला ते उभे राहिले, कागद टीपॉयवर ठेवून तळहाताने दाबला, दंडावरच्या शिरा फुगल्या. कशीबशी झाली. सात घड्या म्हणजे एकशे अठ्ठावीस पदर, हातात वीट आल्यासारखं वाटत होतं. आठवी काही केल्या पडेना. ‘‘कागळ खराब छे,’’ ते म्हणाले. मी म्हटलं, कागद चांगला आहे, प्रत्येक घडीला पदर दुप्पट होतात आणि वळणातच लांबी खर्च होते, त्यामुळे सहसा कोणाच्याच घड्या सातावर जात नाहीत. मग त्यांचं मन राखायला ब्रिटनी गॅलिव्हानची गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातली शाळकरी मुलगी. किती घड्यांना किती लांब कागद लागेल याचं सूत्रच तिने मांडलं, आणि २००२ मध्ये टॉयलेट पेपरची किलोमीटरभराहून लांब पट्टी अंथरून बारा घड्या घालून दाखवल्या.

भाईंनी चहाचा शेवटचा घोट घेतला. न पडलेली आठवी घडी एकदा अंगठ्याने दाबून पाहिली, कागदाची ती वीट वजन अंदाजावं तशी तळहातावर झेलली आणि म्हणाले, ‘‘बार? एने हीरामां लई आवो. पगार हूं आपीश.’’